आगोटीची बेगमी आणि उंदीर

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा साद्यंत इतिहास मीं लिहावा, अशी आज्ञा महोत्सव समितीनें सहा महिन्यांपूर्वीं केली. ती शिरसावंद्य मानून साक्रिस्तीच्या माळ्यावरील जुनी लांकडी पेटी मीं खालीं काढविली. जुन्या नोंदवह्या, पत्रव्यवहार आणि जमाखर्चाचे कागद त्या पेटींत आहेत, असें मी येथें आल्यापासून ऐकत होतों. पेटी उघडली तों वरच्या वहीचा पुठ्ठा अगदीं शाबूत होता. परंतु तो उचलतांच खालून कागदाचा भुसा, थोड्या लेंड्या आणि चिंध्यांचें एक उबदार घरटें निघालें. मृत्यूंच्या नोंदवहींतील पानें तर कडेकडेनें अशीं कुरतडलेलीं होतीं कीं, नांवें राहिलीं होतीं आणि सालें गेलीं होतीं. ज्यास इतिहास लिहावयाचा आहे त्याची याहून मोठी थट्टा ती कोणती?

दोष कोणास द्यावा? पेटी जमिनीवर ओल धरील म्हणून माळ्यावर ठेवावी, असें चार वर्षांपूर्वीं मींच सांगितलें होतें. आणि तिच्या मागच्या फळीची एक गांठ निखळून तेथें अंगठ्याएवढें भोंक पडलें आहे, हें मींच पाहिलें नव्हतें. सालवार इतिहास आतां समितींतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आठवणींच्या आधारें सिद्ध केला असून तो वाचकांस या अंकांत अन्यत्र मिळेल. मजकडे उरला तो उंदीर; तेव्हां त्याचाच वृत्तांत सादर करितों. विषय क्षुद्र वाटेल खरा. तथापि या मावळ प्रांतांत एका काळीं घरोघर जो आकांत झाला, त्याचा माग काढीत गेलें असतां आपण याच क्षुद्र प्राण्याच्या बिळापाशीं येऊन पोंचतों.

माझ्या आजोबांच्या दृष्टीस तें भोंक खचित पडलें असतें. ते वसईच्या कोळीवाड्यांतले, जन्मभर दर्यावर गेलेले. लोणावळ्याच्या वाचकांस होडीची गोष्ट दूरची वाटेल. परंतु थोडा धीर धरावा, होडीचा आणि मावळचा संबंध पुढें येणार आहे. थंड देशांत हिंवाळ्यांत पाणी गोठतें म्हणून होड्या बाहेर काढून कोठारांत ठेवितात. आपल्या किनाऱ्यावर होडीची विश्रांति पावसाळ्यांत. आज महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. पूर्वीं आगोट लागली कीं दर्याच बंदी घाली, आणि ती नारळीपौर्णिमेच्या सुमारास उठे.

वैशाख सरत आला, नैर्ऋत्येचा वारा जोर धरूं लागला, म्हणजे कोळीवाड्यांत होड्या ओढण्याची घाई उडे. उधाणाची रेषा ओलांडून, लांकडाच्या ओंडक्यांवरून, पंधरावीस माणसांच्या खांद्यांनीं होडी वर चढे. दोन्ही बाजूंस टेकू लागत. डोलकाठी, शीड, वल्हीं, नांगर, दोर, जाळीं सारें उतरवून घेत. मग बांबूचा सांगाडा करून त्यावर माडाचे झांप बांधीत. घर शाकारावें तशी होडी शाकारीत, आणि शब्दही तोच. आंतली जागा मग अंधारी, कोरडी, निवांत आणि माशांच्या वासानें भरलेली. बाहेर मुसळधार पाऊस आणि बिळांत शिरलेलें पाणी. उंदरास याहून उत्तम निवारा कोठें मिळणार?

यासाठीं आजोबांचा परिपाठ ठरलेला असे. होडी शाकारण्यापूर्वीं आठ दिवस ते ती खाऱ्या पाण्यानें घांसून काढीत. फळ्यांच्या सांध्यांत अडकलेले खवले आणि आमिषाचे कण काडीनें उकरून टाकीत. मुशीच्या यकृताचें तेल फळ्यांस लावीत, परंतु तें उन्हांत पुरतें मुरल्याखेरीज वर झांप चढवूं देत नसत. ओलें तेल म्हणजे उंदरांस आवतण, असें ते म्हणत. तळाशीं पाणी काढून टाकण्यास जें भोंक असतें त्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकीत. झांपांची कड कुंपणास किंवा शेजारच्या पडवीस टेकूं देत नसत; भोंवतीं माणूस फिरेल एवढी मोकळी जागा हवीच. जाळीं आणि शीड घरांत आढ्यास टांगीत आणि टांगण्याच्या दोराच्या मध्यावर पत्र्याची एक वाटोळी चकती ओवीत, म्हणजे वरून उतरणारा उंदीर तेथेंच अडे. ही युक्ति आपण मुंबईच्या गोदींत मोठ्या आगबोटींच्या दोरांवर पाहिली, असें ते सांगत. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, दर पंधरवड्यास, उघडीप पडली कीं, एका बाजूचे झांप सोडून ते आंत उतरत, फळ्या वाजवीत आणि वारा खेळूं देत. ‘उंदराला कुलुपाची भीति नाहीं, वर्दळीची आहे,’ हें त्यांचें वाक्य मला अजून ऐकूं येतें. माझी पेटी चार वर्षें कोणी उघडली नव्हती.

या शिस्तीमागें त्यांच्या तरुणपणचा एक प्रसंग होता. एका वर्षीं घरांत आजारपण असल्यामुळें होडी घाईनें शाकारली आणि सुक्या मासळीची एक अर्धी टोपली पुढच्या फळीखालीं तशीच राहिली. श्रावणांत होडी उघडली तेव्हां टोपली रिकामी होती, याचें कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु उंदरांनीं घरट्यासाठीं फळ्यांच्या सांध्यांत ठोकलेला कापूस ओढून नेला होता, आणि वरून राळ तशीच असल्यामुळें तें दिसत नव्हतें. पहिल्याच फेरीला, किनारा दिसेनासा होण्याच्या आधीं, पाणी आंत आलें. चौघे जण डब्यांनीं पाणी उपशीत कसेबसे परतले. त्या चौघांत आजोबांचा धाकटा भाऊ होता. त्याचें वय तेव्हां चौदा वर्षांचें. आजोबा ही गोष्ट प्रत्येक आगोटीस, होडीवर पहिला झांप चढवितांना सांगत. आम्ही मुलें ती कंटाळून ऐकत असूं.

आतां मावळाकडे वळूं. घाटमाथ्यावर समुद्र नाहीं, तरी हा प्रांत समुद्राच्या वाटेवरच वसलेला आहे. पनवेलच्या खाडींत भरतीबरोबर मुंबईचे मचवे येत. तेथें उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून खंडाळा, वडगांव करीत पुण्यास जाई. मीठ आणि सुकी मासळी वर येई, तांदूळ खालीं जाई. १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला केला, तो याच वाटेवर. आणि ही वाट इंग्रजांची नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नांवाच्या धर्मप्रवचनकारानें दान दिल्याचा लेख तेथेंच कोरलेला आहे. तें सोपारें वसईला लागून आहे. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं आमच्या बाजूचा माणूस याच घाटानें चढून येथें आला होता. त्या चैत्यगृहाचें छत पाहतांना मला नेहमीं उपड्या घातलेल्या गलबताची आठवण होते. लांकडाच्या वांकविलेल्या फासळ्या अजून जागच्या जागीं आहेत. आपल्या चर्चच्या मधल्या दालनासही युरोपांत जें नांव आहे तें लॅटिनमधील ‘नाविस’ म्हणजे नौका या शब्दावरूनच आलेलें आहे. असो.

या वाटेनें माल चढला तसा उंदीरही चढला असेल. परंतु तो येथें परका नव्हता. घरांत आणि जहाजांत वावरणारा काळा उंदीर हा मूळचा दक्षिण आशियाचाच, आपल्याच भूमीचा. सोपारें व कल्याण हीं बंदरें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत नमूद आहेत. अशाच बंदरांतून मिरीं आणि कापड घेऊन जहाजें पश्चिमेस जात, आणि त्या व्यापाराच्या वाटांनींच हा उंदीर रोमन साम्राज्यापर्यंत पोंचला. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत प्राचीन हाडांच्या तपासणीवरून असें दाखविण्यांत आलें कीं, युरोपांत काळा उंदीर दोनदां गेला. एकदां रोमच्या काळांत, आणि रोमचा व्यापार मोडल्यावर तो बहुतेक नाहींसा झाल्यानंतर पुन्हा मध्ययुगांत. धान्याचीं जहाजें बंद पडलीं तसा उंदीरही ओसरला. दाणा जाईल तेथें उंदीर जाईल, या एका वाक्यांत त्याचा सारा भूगोल येतो.

मावळ हा भाताचा मुलूख. लोणावळ्यास वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरांवर, म्हणजे दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील कोरड्या देशावर ज्वारी जमिनींतील पेवांत ठेवीत. मावळांत पेव खणलें तर दुसऱ्या आषाढांत त्याची विहीर व्हावयाची. म्हणून येथें कणगी. बांबूच्या किंवा कारवीच्या कामट्यांची विणलेली, आंतून बाहेरून शेणमातीनें लिंपलेली, दगडांवर वा लांकडी पाटावर ठेवलेली. भात साळीसकट आंत भरावयाचें, मध्यें कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला घालावयाचा, आणि तोंड पुन्हा शेणानें लिंपून टाकावयाचें. पवनेच्या खोऱ्यांतील एका वृद्ध बाईंनीं मला कणगीचें रहस्य सांगितलें तें असें: लिंपण दर महिन्यास हातानें चांचपून पाहावें, तडा गेला असेल तेथें त्याच दिवशीं बोट फिरवावें. ‘फादर, उद्या म्हटलं की त्यो आत,’ असें त्या म्हणाल्या. त्यांची आणि माझ्या आजोबांची भेट कधीं झाली नाहीं. परंतु दोघांचें शास्त्र एकच होतें.

तें शास्त्र खरें असल्याचें आजचें ज्ञानही सांगतें. लहान उंदरास ६ मिलिमीटरांचें भोंक पुरतें, मोठ्यास सुमारें १२ मिलिमीटरांचें. जेथें डोकें शिरतें तेथें देह शिरतो. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, वर्षाला चारपांच इंचांपर्यंत. तेव्हां कुरतडणें ही त्याची खोड नसून गरज आहे. लांकूड, चुना, शिसें यांस तो जुमानीत नाहीं. पोलादी पत्र्यापुढें मात्र थांबतो. कोठाराची जमीन कमरेएवढी उंच आणि खांब गुळगुळीत असले तर त्यास सहसा चढतां येत नाहीं.

शेतांतील उंदीर आणि घुशी यांचा बंदोबस्त करणारे लोकही मावळांत होते, आणि त्यांचें नांव इतिहासांत सहसा कोणी घेत नाहीं, म्हणून मी घेतों. ते कातकरी. कापणीनंतर बांधाबांधांतून बिळें हुडकून तीं खणावीं, उंदीर धरावेत आणि घुशींनीं सांठविलेल्या लोंब्या बाहेर काढाव्या, हें त्यांचें कसब. ज्यांच्या शेतांतील चोर त्यांनीं धरला त्यांनींच त्यांस उंदीर खाणारे म्हणून दूर बसविलें, याची खंत वाटते.

छत्रपति शिवाजी महाराजांच्या कारकीर्दींतील एक पत्र या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावें. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७३-७४ मध्यें, चिपळूणकडे पावसाळ्यासाठीं छावणीस राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांस तें लिहिलेलें आहे. चार महिन्यांचा दाणा व वैरण जपून खर्चावी, नाहींतर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरांत हात घालाल, असा त्याचा आशय. पुढें राजा बारीकसारीक गोष्टींत उतरतो. रात्रीं दिवा जळत ठेवून निजूं नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि छावणी भस्म होईल! मोंगलांशीं लढणाऱ्या पुरुषास उंदराच्या दांतांतील वातीची आठवण राहते, हें वाचून मला त्यांच्या लढायांहूनही अधिक आदर वाटला. आगोटीची बेगमी ही राज्याची बाब होती. ती सांभाळण्यास तलवार निरुपयोगी, हें त्यांस ठाऊक होतें.

येथवर उंदीर हा केवळ चोर होता. पुढचें प्रकरण निराळें आहे.

१८५८ मध्यें खंडाळा ते पुणें ही आगगाडी सुरू झाली, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं बोरघाटाचा चढ खुला होऊन मुंबईशीं अखंड लोहमार्ग जोडला गेला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि ३७ फुटांस एक फूट असा चढ. या कामावर आणि पुढें लोणावळ्याच्या एंजिन-कारखान्यांत काम करावयास जे लोक आले, त्यांत आपल्यांपैकीं अनेक कुटुंबांचे पूर्वज होते. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंपीरियल गॅझेटियरांत लोणावळ्याच्या वर्णनांत रेल्वेचा कारखाना आणि रोमन कॅथलिक चर्च हीं दोन्हीं नमूद आहेत. जो माल बैलाच्या पाठीवरून दिवसेंदिवस चढे तो आतां काहीं तासांत चढूं लागला. धान्याचें पोतें शिवलेलें असतें. त्यांत कोण बसलें आहे हें कोणी पाहत नाहीं.

१८९४ मध्यें हाँगकाँगांत प्लेगची साथ आली. तेथेंच येर्सिन व किटासाटो यांनीं रोगाचा जंतु ओळखला, आणि गल्लोगल्लीं मेलेले उंदीर पडल्याचें येर्सिननें नमूद केलें. दोन वर्षांनीं रोग जहाजांतून मुंबईस उतरला. जो काळा उंदीर आमच्या बंदरांतून जग पाहावयास गेला होता, त्याचेच वंशज आतां हें दान घेऊन परत आले. गोदीलगत मांडवी ही धान्याच्या गुदामांची दाट वस्ती. सप्टेंबर १८९६ मध्यें तेथें एक विचित्र ताप आला आणि त्याचें निदान करण्याचें धैर्य डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनीं दाखविलें. हे गोव्यांतील हडफडें गांवचे, आपल्याच कॅथलिक समाजांतले. गांठीचा प्लेग आहे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पुढें १९०६ मध्यें ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावापाशीं त्यांचा पुतळा उभा आहे. तेथून जातांना आपल्यांपैकीं किती जण मान वर करून पाहतात?

मुंबई पळत सुटली. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेल्याचें मानलें जातें. घाट चढणाऱ्या गाड्यांत माणसें आणि बोचकीं, मालगाड्यांत पोतीं. पुण्यांत त्याच हंगामांत साथ भडकली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. गोरे सोजीर घरांत शिरून माजघरें तपासूं लागले, रोग्यांस इस्पितळांत आणि शेजाऱ्यांस छावण्यांत नेऊं लागले. लोकांचा क्षोभ झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. हें सर्व वाचकांस शाळेपासून ठाऊक आहे. त्याच १८९७ च्या १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगानें अंत झाला, हेंही आतां पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु या सर्व धांवपळींत खऱ्या वाहकाकडे कोणाचें लक्ष होतें? मुंबईंत गटारें धुवून काढलीं, घरांत कार्बोलिक ॲसिड ओतलें. त्यामुळें उंदीर एका घरांतून दुसऱ्या घरांत गेले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. सरकारनें माणसांचीं घरें उघडलीं, उंदरांचीं उघडलीं नाहींत.

खेड्यांतील लोक मात्र एक गोष्ट जाणत होते. उंदीर पडूं लागले, म्हणजे घर सोडून माळावर झोपड्या घालाव्या. ही रीत महाराष्ट्रभर होती आणि जुन्या आठवणींतून ती आजही ऐकूं येते. कारण त्यांस सांगतां आलें नसतें. परंतु उंदीर मेला कीं त्याच्या अंगावरची पिसू भुकेनें माणसाकडे वळते, हें कारण सांगण्यास शास्त्राला आणखी दहा वर्षें लागलीं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत पलिष्ट्यांवर गांठींची पीडा आली, तेव्हां त्यांनीं कराराच्या कोशाबरोबर सोन्याच्या पांच गांठी आणि सोन्याचे पांच उंदीर करून पाठविले, अशी कथा आहे. सेमिनरींत आम्हीं ती अनेकदां वाचली, आणि उंदीर तेथें कशास आले, हा प्रश्न आम्हांपैकीं कोणीही विचारला नाहीं.

तो विचारला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें. मुंबई इलाख्यांत रोग्यांच्या अंगावरील लहान फोड पाहून त्यास पिसवेचा संशय आला, आणि २ जून १८९८ रोजीं कराचींत, एका साध्या काचपात्रांत, रोगी उंदरापासून निरोगी उंदरास पिसवांमार्फत प्लेग होतो हें त्यानें सिद्ध केलें. विद्वानांनीं मानलें नाहीं. त्या वेळच्या प्लेग कमिशननेंही त्याचें म्हणणें दूर सारलें. पुढें मुंबईंतच लिस्टन यांनीं आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत नव्या मंडळानें पुन्हा प्रयोग केले, तेव्हां गोष्ट पक्की झाली. उंदरावरील त्या पिसवेस धान्याच्या पोत्यांत बसून लांबचा प्रवास करतां येतो, हेंही ध्यानांत आलें. तोंवर देशांत लक्षावधि माणसें गेलीं होतीं. १८९६ पासूनच्या चाळीसेक वर्षांत ही संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली. यांतील किती जण केवळ त्या दहा वर्षांच्या अविश्वासानें गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाहीं.

त्यानंतर जगानें शिस्त लावली ती जहाजांस, आणि ती पाहून मला हंसूं येतें, कारण ती आजोबांचीच शिस्त होती. १९०३ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय करारांत उंदरांचा नाश हा विषय आला. १९२६ च्या करारानें जहाजांस उंदीरमुक्तीचा दाखला सक्तीचा केला, आणि तो दर सहा महिन्यांनीं नवा करावा लागे. गंधकाच्या धुरानें तळघरें भरून काढीत. बंदरास बांधलेल्या प्रत्येक दोरावर पत्र्याची मोठी वाटोळी चकती अडकवीत, ती आजही अडकवितात. २००७ पासून त्या दाखल्याऐवजीं जहाजाच्या एकंदर स्वच्छतेचा दाखला आला. मुदत मात्र तीच, सहा महिन्यांची. आपल्या लोणावळ्यांत समुद्र नसतांना १९४५ पासून ‘शिवाजी’ हें नौदलाचें एंजिनिअरिंग शिक्षणाचें ठाणें आहे. जहाजाच्या पोटांत काम करणारे जवान डोंगरावर येऊन शिकतात, तेव्हां घाटाचें आणि गलबताचें जुनें नातें अजून तुटलेलें नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. पवनेच्या जलाशयावर पर्यटकांच्या होड्या असतात. त्यांच्या मालकांपैकीं कोणी हें वाचील, तर पाऊस लागण्यापूर्वीं होडींतील चिवड्याच्या पुड्या आधीं काढून टाकाव्या.

संत मार्टिन द पोरेस यांची एक कथा भाविकांस प्रिय आहे. लिमा येथील मठांत उंदीर कपडे कुरतडूं लागले, तेव्हां या संतानें त्यांस बागेंत जाण्यास सांगून तेथें रोज अन्न नेऊन दिलें, आणि उंदीर गेले. १९६२ मध्यें त्यांस संतपद जाहीर झालें. माझ्या अंगीं ती योग्यता नसल्यामुळें मीं पत्रा आणला. रॉकेलचे डबे आतां मिळत नाहींत. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो पेटीच्या मागील भोंकावर ठोकला आहे. पेटी माळ्यावरून काढून कार्यालयांत, भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी घोड्यावर ठेविली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं ती उघडण्यांत येते.

आतां त्या मृत्यूंच्या नोंदवहीविषयीं. तींतील एका पानावर अवघ्या तीन आठवड्यांत नऊ नांवें आहेत. तत्पूर्वींच्या पानांवर वर्षाला तीनचारांहून अधिक नाहींत. नऊंपैकीं सहा जणांपुढें व्यवसाय म्हणून रेल्वेचा उल्लेख आहे, दोन लहान मुलें आहेत, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यांत सर्वत्र एकच शब्द आहे, ‘ताप’. महिना फेब्रुवारी. साल मात्र पानाच्या त्या कडेला होतें जी उंदरानें नेली. तें १८९७ असेल, किंवा त्यानंतरच्या एखाद्या साथीचें असेल. केवळ अक्षरावरून मी सांगूं धजत नाहीं. त्या नऊ जणांचीं आडनांवें आजही आपल्या रविवारच्या प्रार्थनेंत ऐकूं येतात.

म्हणून विनंति अशी कीं, ज्यांच्या घरीं पणजोबा-पणजींचे बाप्तिस्म्याचे वा लग्नाचे दाखले, रेल्वेच्या नोकरीचे कागद, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या तारखा किंवा कबरीच्या दगडाची प्रतिमा असेल, त्यांनीं ती कार्यालयांत आणून दाखवावी. मूळ कागद ठेवून घेतले जाणार नाहींत. समक्ष उतरून घेऊन लगेच परत केले जातील. आतांपर्यंत अकरा कुटुंबांनीं कागद आणले आणि त्यांवरून बाप्तिस्म्याच्या वहींतील चौदा सालें पुन्हा भरतां आलीं. मृत्यूंच्या वहींतील तें एक पान अजून तसेंच आहे. वेळ रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर, दुपारीं बारापर्यंत.